गाठ अंगात असतानाच

नागपूरहून भंडाऱ्याला निघालं की प्रवास संपत आला असं वाटतं तेव्हा शहापूर लागतं. जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी, एक इंजिनिअरिंग कॉलेज, मागे धानाच्या बांध्या आणि महामार्गाच्या कडेनं पानठेले. अशाच एका ठेल्यापुढे हातातला चहा संपेपर्यंत मी उभा होतो. ठेलेवाल्यानं पन्नीचा चौकोनी तुकडा फळीवर पसरला, त्यावर बारीक कातरलेली सुपारी टाकली, वर तंबाखू, वर बोटभर ओला चुना. पन्नीची घडी घातली आणि तळहाताच्या टाचेनं ती फळीवर घासायला घेतली. मान खाली, नजर भलतीकडेच, हात मात्र आपल्या लयीत. दोनेक मिनिटांत सुपारीचा पांढरेपणा गेला, चुना दिसेनासा झाला. पन्नी उघडली तेव्हा खर्रा ओलसर होता, आणि घासून घासून चक्क कोमट झालेला. समोरच्या पोरानं त्यातला एक बुक्का उचलला आणि डाव्या गालाच्या खोबणीत सारला. विशी ओलांडली असेल-नसेल.

डाव्या गालातच का, असं विचारलं तर तो हसला. म्हणाला, "सवय आहे जी."

त्या खोबणीत पुढे काय घडतं, हे आता बऱ्याच बारकाईनं माहीत आहे. चुना अल्कलीधर्मी. तो मिसळला की तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या पातळ अस्तरातून भरभर रक्तात उतरतं. तलफ भागते ती त्यामुळे. सुपारीतलं अरेकोलिन अस्तराखाली तंतू विणणाऱ्या पेशींना चेव आणतं. शिवाय सुपारीत तांबं बरंच असतं, आणि त्या तंतूंना एकमेकांशी टाचून ठेवणाऱ्या विकराला नेमकं तांबंच लागतं. वर्षं जातात तसा गाल आतून ताठर होतो. आधी तिखट सोसवत नाही, मग तोंड पुरतं उघडत नाही. दंतवैद्य एक सोपी तपासणी करायला लावतात: आपल्या हाताची मधली तीन बोटं जुळवून उभी धरायची आणि वरच्या-खालच्या दातांमधून आत घालायची. तिन्ही गेली तर ठीक. दोनच जात असतील तर आरशासमोर उभं राहून चालणार नाही, डॉक्टर गाठायला हवा. या दुखण्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या सत्यवती शिरसाट यांनी १९६६ साली त्याची जी व्याख्या केली, ती आजही पाठ्यपुस्तकांत आहे. आणि नुसती सुपारी, तंबाखूशिवायची, हीसुद्धा माणसाला कर्करोग देते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये दिला. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. खर्रा मात्र डोळ्यांदेखत घोटून मिळतो.

भारतीय पुरुषांत सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचा. त्यातही पाश्चात्त्य देशांत तो जिभेवर अधिक दिसतो, आपल्याकडे गाल आणि हिरडी यांच्यामधल्या त्या खोबणीत. पुडी जिथे ठेवायची, तिथेच गाठ. हे नातं मुंबईत फार लवकर ध्यानात आलं होतं. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं आणि १९४४ मध्ये तिथल्या वसंत रामजी खानोलकरांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा छापला. भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारा हा माणूस. सूक्ष्मदर्शकाखालची काच पाहता पाहता तो रुग्णाच्या खिशातली चंचीही पाहायचा, असं मला त्या कामाकडे बघून नेहमी वाटतं.

आता खरी गोष्ट.

तोंडात गाठ निघाली, तुकडा तपासला, कर्करोग ठरला, की घरच्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं: "मंग ठेवता कायले? काढून टाका ना." आणि ते चुकीचंही नाही. हातात आहे तोवर गाठ मुळासकट कापून काढायची, हाच तोंडाच्या कर्करोगावरचा सगळ्यात भरवशाचा उपाय. जबडा आणि मानेच्या गाठी एकत्र काढण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेला सर्जन मंडळी 'कमांडो' म्हणतात. नाव लढाईतलं वाटतं, पण ते मूळ इंग्रजी वर्णनाच्या आद्याक्षरांतून जुळवलेलं आहे असं सांगतात. काढलेल्या जबड्याच्या जागी पायाच्या नळीशेजारचं पातळ हाड बसवतात, गालाच्या जागी छातीवरचं मांस वळवून आणतात. मान वरून चांगली दिसत असली तरी तिच्यातल्या लसीकाग्रंथी त्याच वेळी काढाव्यात की नाही, हा वाद पन्नास वर्षं चालला होता. तो टाटा मेमोरियलच्या अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मिटवला. आधीच मान साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहून नंतर केलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे घाई करा आणि जास्तच काढा, असाच सगळा अनुभव.

आणि मग जून २०२५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक चाचणी छापून आली. तिचं म्हणणं असं की गाठ दिसते आहे, कापता येण्याजोगी आहे, ऑपरेशनची तयारी आहे, तरी थोडं थांबा. गाठ अंगात असतानाच तीन आठवड्यांच्या अंतरानं एका औषधाच्या दोन सलाइन द्या, आणि मग कापा.

चाचणीचं नाव कीनोट-६८९. डोकं आणि मान यांच्या, बऱ्याच वाढलेल्या पण कापता येणाऱ्या कर्करोगाचे ७१४ रुग्ण. त्यांत तोंडाच्या कर्करोगाचे सर्वाधिक. अर्ध्यांना नेहमीचे उपचार: शस्त्रक्रिया, मग शेक म्हणजे किरणोपचार, गरज असेल तर सोबत केमो. उरलेल्यांना तेच सगळं, पण आधी पेम्ब्रोलिझुमॅबचे दोन डोस आणि नंतर पंधरा. आजार परतला, वाढला किंवा माणूस गेला, यातलं काहीही न घडता गेलेला काळ मोजला. नेहमीच्या उपचारांत त्याचा मध्यांक ३०.४ महिने होता, नव्या गटात ५१.८ महिने. वीस-पंचवीस वर्षांत या टप्प्यावरच्या रुग्णांसाठी उपचारांच्या चौकटीत असा बदल झालेला नव्हता. छापून आलं त्याच महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, गाठीवर पीडी-एल१ नावाचं प्रथिन सापडणाऱ्या रुग्णांसाठी, या पद्धतीला मान्यता दिली.

मला यात थक्क करून सोडतो तो औषधापेक्षा क्रम. जी गाठ एक दिवसही नको, तीच थोडे दिवस कामाची कशी?

भंडारा जिल्हा धानाचा. इथे कुणाला पऱ्हे सांगावे लागत नाहीत, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. पाऊस पडला की शेतकरी सगळ्या बांध्यांत बी फेकत नाही. एका कोपऱ्यात, नीट चिखल करून, दाट बी पेरतो. तिथे वीतभर उंचीची रोपं तयार होतात, ते पऱ्हे. मग रोवणीच्या वेळी त्यांच्या पेंढ्या बांधून चारी बांध्यांत लावतात. सगळं शिवार हिरवं होतं ते त्या एका कोपऱ्यातून.

शरीरात पऱ्ह्यांचे असे कोपरे म्हणजे लसीकाग्रंथी. मराठीत त्यांची ओळख जुनी आहे. पायाला काटा लागून जखम चिघळली की जांघेत गाठ सुजते. आजी म्हणायची, अवधाण आलं. जखम पायाला आणि दुखणं जांघेत, याचं लहानपणी नवल वाटायचं. तिथे चाललेलं असतं ते असं: जखमेतून निघालेल्या टेहळ्या पेशी शत्रूचे तुकडे तोंडात धरून त्या ग्रंथीत येतात आणि तिथल्या टी-पेशींना दाखवत फिरतात. टी-पेशी अगणित जातींच्या, प्रत्येकीला एखादाच तुकडा ओळखता येतो. ज्या जातीला ओळख पटते ती भराभर वाढते, एकीच्या हजार होतात, म्हणून ग्रंथी सुजते. तयार झालेल्या पेशी मग रक्तावाटे सगळ्या अंगात पसरतात. पेरणी एका कोपऱ्यात आणि रोवणी चहूकडे.

गालाच्या गाठीसाठी हा कोपरा मानेत असतो. म्हणजे नेमका तोच, जो कमांडो ऑपरेशनमध्ये साफ केला जातो. आणि पेरायचं बी, म्हणजे कर्करोगाचे ओळखू येणारे तुकडे, ते असतं गाठीत. तीही त्याच दिवशी बाहेर. शस्त्रक्रियेनंतर औषध दिलं तर टी-पेशींना चेव येईल, पण त्यांना दाखवायला गाठ नाही आणि दाखवायची जागाही उरलेली नाही. बी आणि पऱ्ह्यांची जागा दोन्ही गेल्यावर रोवणीला मजूर बोलावल्यासारखं ते आहे.

टी-पेशींना मुळात चेव आणावा का लागतो, याचं उत्तर मोठं मजेदार आहे. तंबाखूनं पेशींच्या जनुकांत इतकी तोडफोड केलेली असते की त्या परक्या दिसायलाच हव्यात. दिसतातही. गाठीच्या काठाशी टी-पेशी जमलेल्या असतात, पण हात बांधून उभ्या. जपानमधल्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली टी-पेशींच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन सापडलं. त्याचं नाव पीडी-१. पुढे कळलं की तो टी-पेशीचा कासरा आहे. आपल्याच निरोगी पेशींवर टी-पेशी उधळू नये म्हणून शरीरानं तो बांधलेला असतो. आपल्या पेशी पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करतात, ते पीडी-१ला जाऊन भिडतं, कासरा ओढला जातो आणि टी-पेशी थांबते. कर्करोगाची पेशी हीच युक्ती शिकते आणि अंगभर पीडी-एल१ लेवून बसते. पेम्ब्रोलिझुमॅब म्हणजे पीडी-१च्या खाचेत जाऊन बसणारं एक प्रतिपिंड. कुलपाच्या भोकात कुणी काडी मोडून ठेवावी तसं. किल्ली फिरतच नाही, कासरा ओढला जात नाही. औषध कर्करोगाच्या पेशीला स्पर्शही करत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं. होंजो आणि दुसरा असाच कासरा ढिला करणारे अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

(या वाटेवरचं एक जुनं पाऊल मात्र १८९१ चं. न्यूयॉर्कच्या विल्यम कोली नावाच्या तरुण सर्जनला जुन्या नोंदींत एक रुग्ण सापडला. त्याची मानेजवळची गाठ पुन्हा पुन्हा कापूनही वाढत होती. मग त्याला त्वचेचा जिवाणूसंसर्ग झाला, सणसणून ताप भरला आणि गाठ विरून गेली. कोलीनं त्या माणसाला शहराच्या चाळींतून शोधून काढलं. ठणठणीत होता. पुढे जन्मभर कोली रुग्णांना जिवाणू टोचत राहिला. सहकाऱ्यांनी त्याला फारसं मनावर घेतलं नाही, आणि त्याच्या पद्धतीचा बेभरवशीपणा पाहता त्यांनाही दोष देता येत नाही.)

क्रमाचा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला गेला तो उंदरांत. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला मिशेल टेंग आणि मार्क स्मिथ यांच्या गटानं स्तनाचा पसरणारा कर्करोग असलेल्या उंदरांपैकी काहींना प्रतिकारशक्तीची औषधं शस्त्रक्रियेआधी दिली आणि काहींना तीच नंतर. निकाल २०१६ मध्ये आला. आधी दिलेल्यांत दीर्घकाळ जगणारे उंदीर कितीतरी जास्त निघाले. आपल्या विषयाच्या आणखी जवळचा प्रयोग २०२२ चा, कॅलिफोर्नियातला. तंबाखूनं जनुकांत उमटतात तशाच खुणा असलेला जिभेचा कर्करोग उंदरांत तयार केला. एका गटाच्या मानेतल्या ग्रंथी आधीच काढून टाकल्या आणि मग प्रतिकारशक्तीचं औषध दिलं. औषधाचा गुण जवळजवळ नाहीसा झाला. ग्रंथी जागेवर ठेवून आधी औषध दिलं, तेव्हा तो आला. पऱ्ह्यांचा कोपरा कुठे आहे, हे त्या उंदरांनी बोट ठेवून दाखवलं.

माणसांतला सगळ्यात स्वच्छ पुरावा तोंडाच्या नव्हे, त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगातून आला. एस-१८०१ नावाची ही चाचणी २०२३ मध्ये छापली गेली. ३१३ रुग्ण, दोन्ही गटांना पेम्ब्रोलिझुमॅबचे १८ डोस. एका गटाला अठराच्या अठरा शस्त्रक्रियेनंतर. दुसऱ्याला तीन आधी आणि पंधरा नंतर. औषध तेच, मोजमाप तेच, फक्त तीन डोस सरकवले. दोन वर्षांनी आजारानं पुन्हा डोकं वर न काढलेल्यांचं प्रमाण नंतरच्या गटात ४९ टक्के, आधीच्या गटात ७२. कॅलेंडरवर तीन खुणा अलीकडे ओढल्या, एवढाच काय तो फरक.

इथे मला थोडं सावरून घ्यायला हवं, कारण गोष्ट इतकी देखणी आहे की तिच्यावर विश्वास जरा जास्तच बसतो. कीनोट-६८९ मध्ये औषध आधीही दिलं होतं आणि नंतरही. गुण त्या पहिल्या दोन डोसांचा किती आणि पुढच्या पंधरांचा किती, हे ती चाचणी सुटं करून सांगू शकत नाही. त्याच वर्षी नीव्होपोस्टॉप या युरोपीय चाचणीचाही निकाल आला. ६८० रुग्ण, औषध निव्होल्युमॅब, आणि त्याची सुरुवातच मुळी शस्त्रक्रियेनंतर. तरी फायदा झाला: तीन वर्षं आजाराशिवाय काढणारे ५२.५ वरून ६३.१ टक्क्यांवर गेले. म्हणजे पऱ्ह्यांची उपमा सुबक असली तरी शरीर तेवढं सरळ नाही. कदाचित शरीरात दडून राहिलेल्या चुकार पेशी नंतरही बियाण्याचं काम करतात. दुसरीकडे, शस्त्रक्रिया न करता शेकाच्या सोबतच अशी औषधं देणाऱ्या मोठ्या चाचण्या याआधी फसल्या आहेत. ज्या ग्रंथींत टी-पेशी शिकतात त्यांच्यावरच त्याच दिवसांत शेक पडतो, हे एक कारण सांगितलं जातं.

आणखी एक आकडा पचवायला हवा. ऑपरेशनच्या टेबलावरून आलेल्या गाठीत दहा टक्के किंवा त्याहून कमी जिवंत कर्करोग उरला, असा दणदणीत परिणाम कीनोट-६८९ मध्ये फक्त ९.४ टक्के रुग्णांत दिसला. दहांत एकसुद्धा नाही. मात्र औषध न घेतलेल्या गटात असा रुग्ण सापडायचं कारणच नव्हतं. एकूण आयुष्य किती वाढलं, या प्रश्नावर पहिल्या अहवालात फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला अजून उतरलेला नव्हता. मनात सगळ्यात मोठी भीती होती ती वेगळीच: थांबलो आणि गाठ हाताबाहेर गेली तर? ती खरी ठरली नाही. ठरलेली शस्त्रक्रिया दोन्ही गटांत सुमारे ८८ टक्के रुग्णांवर झाली. पण कासरा सोडला की बैल दुसऱ्याच्या शेतातही शिरतो. मोकाट टी-पेशी थायरॉइडवर, आतड्यावर, फुप्फुसावर, यकृतावर चाल करून जाऊ शकतात. वेळीच ओळखलं तर स्टेरॉइडनं बहुतेक आवरतात. थायरॉइडची गोळी मात्र कित्येकांना जन्माची लागते.

आपल्याकडच्या खोबणीतल्या गाठीबद्दल एक निरीक्षण मला विलक्षण वाटतं. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जनुकविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आणि नवी मुंबईत खारघरचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र या दोघांनी मिळून गाल-हिरडीच्या कर्करोगाची जनुकं वाचली. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुन्हा पुन्हा बिघडलेल्या सापडलेल्या जनुकांत कास्पेस-८ होतं. टी-पेशी एखाद्या पेशीला 'मर' असा हुकूम देते तेव्हा तो आत पोचवणाऱ्या दोरीचा हा एक पदर. कर्करोगानं तो तोडून टाकलेला. आता दोरी तोडायची वेळ कुणावर येते? जिची दोरी कुणीतरी ओढत होतं, त्या पेशीवर. औषधाचा थेंबही शरीरात गेलेला नसताना त्या गालात आधीच झुंज होऊन गेलेली होती, आणि जनुकांवर तिचे वळ राहिलेले होते. अभ्यासकही याकडे प्रतिकारशक्तीच्या तावडीतून निसटण्याची खूण म्हणून पाहतात. अशा गाठी कासरा सोडल्यावर किती दाद देतील, हा प्रश्न शहापूरच्या पोरासाठी बोस्टनच्या रुग्णापेक्षा वेगळा असू शकतो.

पैशांचं काय, हे विचारल्याशिवाय मराठी घरात कुठलीच वैद्यकीय गोष्ट पूर्ण होत नाही, आणि होऊही नये. पेम्ब्रोलिझुमॅबचा एकेक डोस मूळ दरानं लाखांच्या घरात, आणि डोस सतरा. महात्मा फुले योजनेचं कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कवच त्यापुढे कुठवर पुरणार? नागपुरात तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, सरकारी 'मेडिकल' आहे. शहापूरहून तास-दीड तासात पोचता येतं. अंतर ही अडचण राहिलेली नाही, बाटली ही अडचण आहे.

या अडचणीवर परळमध्ये झालेलं काम मला सगळ्या परदेशी चाचण्यांहून धीट वाटतं. टाटा मेमोरियलच्या विजय पाटील, वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी विचारलं: औषध एवढं हवंच कशाला? निव्होल्युमॅबच्या अगदी सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसलं होतं की थोडीशी मात्रा दिली तरी टी-पेशींवरचे पीडी-१ पुष्कळ दिवस झाकलेले राहतात. भोकात एक काडी मोडली की काम झालं, वर आणखी दहा काड्या कोंबून काय होणार? नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. त्यांनी दिली दर तीन आठवड्यांनी २०. सहा आठवड्यांचा हिशेब मांडला तर ७२०च्या जागी ४०, म्हणजे अठरावा हिस्सा. सोबत तोंडानं घ्यायची तीन स्वस्त औषधं. रुग्ण १५१, सगळे बरे होण्याच्या पलीकडे गेलेले. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले १६.३ टक्के होते, २० मिलिग्रॅमची जोड दिल्यावर ४३.४ टक्के. हा निकाल २०२३ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त आला. हा प्रयोग शस्त्रक्रियेआधीचा नव्हे, हे पुन्हा सांगतो. त्या रुग्णांना शस्त्रक्रियेचा पर्यायच उरलेला नव्हता. पण दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की कुणाच्याही डोक्यात तोच विचार येईल, आणि संशोधकांच्या डोक्यात तो माझ्याआधीच आलेला असणार.

गाठ आधी लहान करून जबडा वाचवता येतो का, हेही मुंबईत तपासून झालं आहे, फक्त केमोनं. देवेंद्र चौकर आणि सहकाऱ्यांच्या २०२२ मधल्या चाचणीत आधी केमो घेतलेल्या ३४ जणांपैकी १६ जणांचा जबडा वाचला. जबडा वाचला म्हणजे भाकर चावता येते, हनुवटी जागेवर राहते, लग्नात लोक वळून पाहत नाहीत.

कीनोट-६८९ मध्ये मात्र सर्जनला अशी मुभा नव्हती. गाठ किती का आटेना, पहिल्या दिवशी ती जेवढी होती तेवढं कापायचं. आता अडचण अशी की गाठ आटली तर पहिल्या दिवशीचा काठ कुठे होता, हे ओळखायचं कसं? त्यावर सर्जन एक जुनीच युक्ती वापरतात. औषध सुरू करण्याआधी गाठीच्या भोवती, थोडं अंतर राखून, अस्तरात शाईची टिंबं टोचून ठेवतात. गालाच्या आतलं गोंदणच ते.

काही आठवड्यांनी रुग्ण टेबलावर येतो. तोंड उघडतात, दिवा आत वळवतात. मोजक्या काही जणांच्या गालात तेव्हा फोडासारखी उघडी जखम दिसत नाही. दिसतो गुलाबी, जरासा सुरकुतलेला गाल आणि त्याच्याभोवती निळसर टिंबांचं रिंगण. सर्जन टिंबांवरूनच पातं फिरवतो. तुकडा प्रयोगशाळेत जातो, त्याच्या पातळ चकत्या होतात, काचेवर चढतात, रंग दिला जातो. विकृतितज्ज्ञ एकेक काच सरकवत कर्करोग शोधू लागतो. तोंडाच्या या कर्करोगाच्या पेशी जिवंत असताना केराटिन बनवतात, नखांत आणि केसांत असतं तेच. पेशी मेल्या तरी केराटिन लगेच विरघळत नाही. म्हणून काचेवर गुलाबी पापुद्र्यांचे ढीग दिसतात, आत कुणीच नसलेले. त्यांना वेढून बसलेल्या असतात कितीतरी केंद्रकं असलेल्या राक्षसी पेशी, टरफलं गिळत. पलीकडे टी-पेशींची गडद निळी दाटी, रोवणी झालेल्या बांधीसारखी. अहवालात तो लिहितो की जिवंत गाठ सापडली नाही, आणि त्याखाली त्या रिकाम्या पापुद्र्यांची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मांडतो, म्हणजे गाठ कुठवर पोचली होती हे कळावं.